तुमचे आवडते लेट-नाईट टॉक शो होस्ट कोण, जुने आणि आताचे?

थोडक्यात हवं असेल तर: डेव्हिड लेटरमन पहिला, क्रेग फर्ग्युसन दुसरा, आणि कोनन ओब्रायन त्याच्या इतक्या जवळ की दर दोन वर्षांनी माझी रांग बदलते. जॉनी कार्सनला रांगेत उभं करत नाही, कारण त्याचं सगळं मी नंतर पाहिलं. आताच्यांपैकी सेथ मायर्स. घाई असेल तर इथेच थांबा, पुढे लांबण आहे.

२००४ च्या ऑक्टोबरात मी लग्न होऊन मिरजेहून न्यू जर्सीला आले. एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर राहायचं आणि तेव्हा नोकरीला बंदी होती. गाडी चालवता येत नव्हती. नवरा दहाला झोपायचा आणि मला एकपर्यंत झोप यायची नाही. इंग्रजी वाचायला चांगलं होतं, कानाला मात्र काही लागायचं नाही, म्हणून खाली अक्षरं लावून टीव्ही बघायचे. मालिकांमध्ये हशा रेकॉर्ड केलेला असायचा, त्यामुळे कुठे हसायचं ते आयतंच कळायचं. अकराच्या बातम्यांनंतर जे सुरू व्हायचं त्यात प्रेक्षक खरे असत आणि कधीकधी ते चक्क हसत नसत. विनोद पडायचा, तो माणूस तिथेच उभा असायचा, आणि मी खुर्चीत पुढे सरकायचे. आता काय करणार हा?

साचा ओळखीचा होता. कॉलेजात असताना शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' पाहिलेला. आधी उभ्यानं राजकारणावर टोलेबाजी, मग टेबल, पाहुणा, शेजारी बँड. तो घाट कुठून आला ते इथे आल्यावर कळलं.

लेटरमनची गोडी कधी लागली ती रात्र मला तारखेसकट आठवते: ३१ जानेवारी २००५. त्याच्या आठवडाभर आधी कार्सन गेला होता. तोवर कार्सन म्हणजे कोण हेही मला धड माहीत नव्हतं. त्या रात्री लेटरमननं नेहमीसारखा सुरुवातीचा मोनोलॉग (तीच उभ्यानं टोलेबाजी) केला, नेहमीसारखे हशे झाले, आणि नंतर सांगितलं की आज म्हटलेले सगळे विनोद कार्सनचे होते. निवृत्तीनंतर मालिबूत बसून म्हातारा पेपर वाचायचा, विनोद सुचला की राहवायचं नाही, म्हणून लेटरमनकडे पाठवायचा. ज्या एनबीसी वाहिनीवर कार्सननं तीस वर्षं काढली तिथे नाही, तर प्रतिस्पर्धी सीबीएसवर. १९९२ मध्ये कार्सनची खुर्ची एनबीसीनं लेटरमनला न देता जे लेनो या विनोदवीराला दिली होती. गादी एकाला आणि विद्या दुसऱ्याला, हा प्रकार आपल्या गाणाऱ्या घराण्यांतही होतो म्हणा.

मग मी कार्सन शोधून शोधून पाहिला. त्याचा 'टुनाईट शो' १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२. पडलेल्या विनोदाची कला मुळात त्याची. मोनोलॉग गडगडायला लागला की बँड 'टी फॉर टू' वाजवायला लागायचा आणि हा सुटाबुटातला गृहस्थ शांतपणे चार पावलं नाचून दाखवायचा. त्या नाचाला मूळ विनोदापेक्षा मोठा हशा. लोक म्हणतात, काही विनोद तो मुद्दाम पाडायचा. मला ते खरं वाटतं.

त्याचा एक प्रसंग मात्र मराठी माणसानं आवर्जून बघावा. १९७३ मध्ये 'मनःशक्तीनं' चमचे वाकवणारा युरी गेलर पाहुणा म्हणून येणार होता. कार्सन स्वतः हौशी जादूगार, तरुणपणी जादूचे प्रयोग करून पैसे मिळवलेला. त्याच्या माणसांनी जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला. रँडीनं सांगितलं, सामान तुमचं तुम्ही आणा आणि गेलरच्या किंवा त्याच्या माणसांच्या हाती आधी लागू देऊ नका. बस, एवढंच. मग वीसेक मिनिटं गेलर त्या टेबलासमोर बसून राहिला आणि काहीही घडलं नाही. आज शक्ती जाणवत नाही, म्हणाला. कार्सन अत्यंत सभ्यपणे सिगरेट ओढत वाट बघत बसला. ना टोमणा, ना आरोप. अंनिसच्या कार्यकर्त्यांचे चमत्कारांचे प्रयोग मी मिरजेत शाळेत असताना पाहिले होते, त्यामुळे हे बघताना वेगळीच मजा आली. गंमत अशी, की या फजितीनंतरही गेलर प्रसिद्धच राहिला, उलट वाढला. रोज जमणारी ती हातचलाखी आणि एखाद्या दिवशी फसते ती खरी शक्ती, असं लोकांना वाटलं असणार.

आता लेटरमन. १ फेब्रुवारी १९८२ ला एनबीसीवर रात्री साडेबाराच्या, म्हणजे कोणी बघत नाही अशा वेळेला त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानं तो तसाच चालवला: कोणी बघत नाहीये असं समजून. अंगाला वेल्क्रोचा सूट चढवून भिंतीवर उडी मारून चिकटणे. कुत्र्यामांजरांच्या बिनडोक करामती. हातातलं कार्ड मागच्या खोट्या खिडकीवर भिरकवायचा की काच फुटल्याचा आवाज यायचा. त्या आवाजाला माझी मुलगी दोन वर्षांची असताना खिदळायची. १९९३ च्या ऑगस्टात तो सीबीएसवर ब्रॉडवेच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये आला आणि २० मे २०१५ पर्यंत राहिला. दोन्हीकडे पहिला पाहुणा बिल मरे.

त्याचा सगळ्यात जगप्रसिद्ध पडलेला विनोद १९९५ च्या ऑस्करचा. ओप्रा विन्फ्री आणि उमा थर्मन या दोघींची नुसत्या नावांवरून ओळख करून देत बसला, 'ओप्रा, उमा. उमा, ओप्रा.' सभागृह थंड. दुसरा कोणी असता तर विषय काढू दिला नसता. हा पुढे कित्येक वर्षं स्वतःच त्यावरून स्वतःला सोलत राहिला.

आणि फेब्रुवारी २००५ ची ऐश्वर्या राय. कार्सनच्या श्रद्धांजलीनंतर आठवड्याभराच्या आतबाहेरची गोष्ट. त्यानं विचारलं, तुम्ही आईवडिलांबरोबर राहता का, भारतात मोठी मुलं राहतात का तशी? तिनं सांगितलं, राहतात, आणि आमच्याकडे जेवायला भेटायचं तर आईवडिलांची अपॉइंटमेंटही घ्यावी लागत नाही. टाळ्या तिला. पुढचे चार महिने ती फीत प्रत्येक भारतीयाच्या ईमेलमधून फिरत होती आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला 'कशी जिरवली' हाच विषय. मीही तेच म्हणत होते. आता परत बघताना दिसतं की त्यानं पाहुणीवर कुरघोडी करायला दुसरा टोला टाकला नाही. तिच्या टाळ्या तिला घेऊ दिल्या.

एकदा त्याच्या कार्यक्रमाला आम्ही गेलोसुद्धा. तिकीट फुकट, पण फोन यायचा आणि कार्यक्रमाविषयी एक प्रश्न विचारायचे. उत्तर आलं तर आत. मला आलं. लेट-नाईट म्हणतात ते दिवसाउजेडी रेकॉर्ड होतं हे तिथे कळलं. तो थिएटर मुद्दाम थंडगार ठेवतो हे जगजाहीर होतं, तरी मी पातळ कुडत्यात गेले होते. तासभर दात वाजवत बसले. एक विनोद साफ पडला. कुठला, ते आठवत नाही. त्यानं टाय नीट केला, बँडवाल्या पॉल शेफरकडे बघितलं आणि तोच विनोद शब्दन् शब्द पुन्हा म्हटला. मग काय, छप्पर उडालं.

त्याच्याबद्दल मनात एक खडा मात्र आहे. १ ऑक्टोबर २००९ ला त्यानं कार्यक्रमातच सांगितलं की त्याला कोणीतरी खंडणीसाठी धमकावत होतं, आणि कारण म्हणजे हाताखालच्या बायकांशी असलेले त्याचे संबंध. प्रेक्षक हसत होते, त्यांना कळेना हा विनोद आहे की कबुली. तेवढ्यापुरतं त्याचं कसब मला आवडलं नाही. काही गोष्टी हशात सोडवू नयेत.

याच्या बरोबर उलट फर्ग्युसन. लेटरमनच्या पाठोपाठ, रात्री १२:३७ ला लागायचा. मूळचा स्कॉटिश, त्याचे उच्चार कळायला मला सहा महिने लागले. पाहुणा आला की समोरच्या प्रश्नांच्या कागदांचे टराटरा तुकडे करायचा आणि मग नुसत्या गप्पा. नोव्हेंबर २००६ मध्ये मुलगी झाली, आई बाळंतपणाला आली होती. बाळ रात्री बाराला जागं व्हायचं ते दोनपर्यंत. आई मांडीवर नातीला घेऊन बसायची आणि दर रात्री विचारायची, "अगं, हा लिहिलेलं फाडतो का? मग लिहितो कशाला?" तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हा माणूस तिला आवडायचा. "डोळ्यांत पाप नाही," म्हणायची.

फेब्रुवारी २००७ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सनं डोकं भादरून घेतलं आणि आठवडाभर सगळ्या चॅनेलांवर तिची टर उडवणं चालू होतं. फर्ग्युसन उभा राहिला आणि म्हणाला, मी तिच्यावर विनोद करणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी दारू सोडली त्याची गोष्ट सांगायला लागला. लंडनमध्ये एका नाताळच्या सकाळी नदीत जीव द्यायला निघाला होता. वाटेत एकानं पेला पुढे केला आणि पिण्याच्या नादात जीव द्यायचं विसरला. प्रेक्षक सुरुवातीला सवयीनं हसत राहिले, मग थांबले, मग पुन्हा हसले, पण वेगळं. आई म्हणाली, "आज काय झालंय? कोणी गेलं का?" मी जमेल तसं मराठीत सांगितलं. ती गप्प झाली. आमच्या एका काकांचं दारूपायी काय झालं ते घरात कोणी कधी बोलत नाही. त्या रात्री ती तासभर बोलली. अडीच वाजले. बाळ केव्हाच झोपलं होतं.

कोननचं काय सांगू! उंच, लाल केसांचा, हार्वर्डचा, आणि स्वतःला मूर्ख ठरवण्यात वाकबगार. लेखकांच्या २००७-०८ च्या संपात लिहून देणारं कोणी नव्हतं, तर पठ्ठ्या टेबलावर स्वतःची लग्नाची अंगठी भोवऱ्यासारखी फिरवत बसला आणि किती सेकंद फिरते ते मोजत राहिला. राष्ट्रीय वाहिनीवर! जून २००९ मध्ये त्याला कार्सनची खुर्ची मिळाली. सात महिन्यांत एनबीसीला लेनो परत हवा झाला आणि याला म्हणाले, तू १२:०५ ला सरक. दान देऊन वर मागे घ्यायचा प्रकार. तो म्हणाला, मध्यरात्रीनंतर सुरू होणारा 'टुनाईट शो' तो टुनाईट कसला, आणि निघून गेला. जाताजाता शेवटच्या दिवसांत वाहिनीचे पैसे उधळतोय असं सोंग आणलं: बुगाटी गाडीला उंदराचे कान-शेपूट लावून स्टेजवर उभी केली. पण अगदी शेवटच्या रात्री, २२ जानेवारी २०१० ला, तरुण प्रेक्षकांना कळवळून म्हणाला की कडवट होऊ नका. २०२५ च्या ऑस्करला त्यानं हिंदीत नमस्कार घातला, तेव्हा माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा कळलं की मी वीस वर्षं कोणाबद्दल बोलतेय.

बाकीच्या होस्टपैकी लेनो? मेहनती, विनोद भरपूर, मला एकही आठवत नाही. फॅलन? सगळ्यालाच हसतो, त्यामुळे पडलेला विनोद ओळखूच येत नाही. किमेल २०१७ मध्ये नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलताना रडला, तेवढा मनापासून आवडला. कोल्बेअर जुन्या कार्यक्रमात, खोटा उजव्या मताचा निवेदक बनून, अप्रतिम होता. लेटरमनच्या जागेवर आल्यावर मला जरा प्रवचनकार वाटायला लागला. तरी जुलै २०२५ मध्ये सीबीएसनं 'लेट शो' मे २०२६ मध्ये कायमचा बंद करणार असं जाहीर केलं तेव्हा पोटात कालवलं. कारण निव्वळ आर्थिक, असं वाहिनीचं म्हणणं. त्याच्या तीनच दिवस आधी कोल्बेअरनं मालक कंपनीनं ट्रम्पशी केलेल्या तडजोडीला लाच म्हटलं होतं. ज्याचा त्यानं अर्थ काढावा.

मायर्स मात्र रोज बघते. तो बहुतेक वेळ बसूनच बोलतो, आणि एखादी ओळ आपटली की आपटली म्हणून स्वतःच हसत सुटतो.

मुलगी आता कॉलेजात आहे. ती हे सगळं सकाळी फोनवर बघते, चार-चार मिनिटांचे तुकडे, आणि त्यांत पडलेले विनोद कापून टाकलेले असतात. मागच्या महिन्यात तिला फर्ग्युसनचा तो २००७ चा मोनोलॉग पाठवला, तू तीन महिन्यांची होतीस आणि आजीच्या मांडीवर होतीस असं लिहून. तिचं उत्तर आलं, "आई, बारा मिनिटं???"

अजून बघितलेला नाही.