१४ वर्षांच्या मुलाचं वजन ८४ किलो, लिपिड प्रोफाइल जवळजवळ नॉर्मल आलं, तरी काळजी करायची का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा १४ चा आहे, वजन ८४, डॉक्टरांनी लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करायला सांगितलं आणि त्यात टोटल कोलेस्टेरॉल १८४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८ आलं, रेंजच्या बाहेर असल्याचा बाण फक्त एचडीएलसमोर आहे, ते कमी आहे म्हणून, म्हणून घरचे म्हणून राहिले की बाकी तर नॉर्मल आहे न, वाढीचं वय आहे, उंची वाढली की ओसरेल.

मी डॉक्टर नाही. इथे नागपुरात धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १६ वर्षांपासून रक्त घेतो, मशीन चालवतो, रिपोर्ट काढतो, त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही पण रिपोर्टचं नक्की सांगू शकतो. माझं उत्तर आहे हो, काळजी करायची. घाबरायचं नाही पण हा कागद फाईलीत टाकून विसरायचा पण नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ आईबापांना माहीतच नसते. रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी नॉर्मल रेंज छापलेली असते ना, ती बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसांची असते, पेशंटचं वय १४ टाकलं तरी तीच छापून येते. त्यात ट्रायग्लिसराइड १५० च्या आत म्हणजे नॉर्मल, म्हणून तुमच्या १४२ ला बाण लागला नाही. पण १० ते १९ वयासाठी ९० च्या आत चांगलं धरतात आणि १३० च्या वर गेलं की जास्तच. एलडीएल पोरांमध्ये ११० च्या आत हवं, १३० पासून जास्त, म्हणजे ११८ मधल्या पट्ट्यात. टोटल १७० च्या आत हवं. आणि टोटलमधून एचडीएल वजा करा, १८४ वजा ३८, झाले १४६, याला नॉन-एचडीएल म्हणतात, तो या वयात १४५ पासून जास्त धरतात. म्हणजे एक बाण असलेल्या कागदावर खरं तर तीन जागी जास्त किंवा कमी आहे (ट्रायग्लिसराइड, नॉन-एचडीएल, एचडीएल) आणि दोन जागी काठावर (एलडीएल, टोटल). अजून एक, वयात येताना एलडीएल आणि टोटल तात्पुरतं थोडं खाली जातं, त्यामुळे १४ व्या वर्षीचा आकडा उलट कमीच दिसत असू शकतो.

आता ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, ही जोडी वजन जास्त असलेल्या पोरांमध्ये आम्ही रोज पाहतो. होतं असं की पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, मग लिव्हर साखर आणि मैद्यापासून चरबी बनवून रक्तात सोडत राहतं. म्हणून घरात तूप आणि अंडी बंद करून लोक समाधान मानतात पण खरा मामला कोल्ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस, बिस्किटं, ट्यूशनच्या बाहेरचा समोसा आणि रात्री ११ ला मोबाईल पाहत संपवलेल्या चिप्सचा असतो. रविवारी एक प्लेट तर्री पोहे खाल्ले म्हणून कोणाचं ट्रायग्लिसराइड वाढत नाही हो, रोजचं जे दिसत नाही ते मोजा.

त्याची मान बघा एकदा. मागे काळपट, जाड, मखमलीसारखी झाली आहे का, काखेत पण. मागच्या उन्हाळ्यात एक आई आली होती, मुलाची मान बेसन-दही लावून घासून घासून लाल केली होती, तिला वाटत होतं मळ आहे. तो मळ नसतो, आत इन्सुलिन वाढल्याची खूण असते. त्याच मुलाची रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूज म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून काढली तर वर जे सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, पिवळसर पारदर्शक दिसायला पाहिजे ते चरबीमुळे पातळ ताकासारखं पांढरट होतं, १५ वर्षांचं पोरगं. मी ती ट्यूब हातात धरून दोन मिनिटं उभाच राहिलो, कारण माझा भाचा पण त्याच वयाचा आणि तसाच गुबगुबीत.

लोक म्हणतात हार्टचं पन्नाशीत बघू. अमेरिकेत लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाच्या गावी १९७३ पासून मुलांचा अभ्यास चालू झाला, त्यात अपघाताने वगैरे गेलेल्या तरुण पोरांच्या रक्तवाहिन्या तपासल्या तर चरबीचे थर आधीच बसायला लागलेले होते आणि वजन, बीपी, कोलेस्टेरॉल जितकं एकत्र जास्त तितके थर जास्त. पण धीर देणारं पण आहे, २०११ साली चार मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की लहानपणी वजन जास्त होतं पण मोठेपणी लठ्ठ राहिले नाहीत त्यांचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास आला. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे ताई, आणि चांगला वेळ आहे.

भाच्याच्या घरी आम्ही डाएट हा शब्दच काढला नाही. कोल्ड्रिंक घरात आणणं सगळ्यांसाठीच बंद, जिजाजींसाठी पण, रात्री ज्वारीची भाकर आणि पातळ वरण, चार वाजता फुटाणे किंवा फल्लीदाणे, आणि संध्याकाळी त्याचा मामा म्हणजे मी त्याला अंबाझरी तलावावर फिरायला घेऊन जायचो, मे महिन्यात ४५ डिग्रीत पोरं बाहेर पडत नाहीत म्हणून तेव्हा सकाळी साडेपाचला. त्याला ढोल्या म्हणणं बंद केलं, ते सगळ्यात जड गेलं कारण आजीला ते लाडाचं वाटायचं. सहा महिन्यांत वजन जेमतेम दोन किलो उतरलं, पण उंची चार सेंटीमीटर वाढली आणि ट्रायग्लिसराइड १६८ चं १०४ झालं. या वयात वजन आहे तिथे थांबलं तरी फायदा होतो, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा बीपी, उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिव्हरची एसजीपीटी बद्दल विचारा. घरात कोणा पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर ते न विसरता सांगा, कारण एलडीएल १६० च्या वर गेलं तर ते नुसतं वजनामुळे नसून घराण्यातून, आईबापांकडून आलेलं असू शकतं, आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी असते. तुमचा आकडा तिथे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे आणि कॅप्सूल मात्र पोराला देऊ नका.

आणि एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका, दोनेक महिन्यांनी परत करा. आदल्या रात्री ८ ला जेवण, त्यानंतर १२ तास फक्त पाणी. सकाळी कोणी प्रेमाने चॉकलेटचं दूध देऊ नये म्हणून आजीला रात्रीच सांगून ठेवा, आमच्याकडे निम्मे सॅम्पल तिथेच बिघडतात.