छोटा बार, मोठं खोड

प्रश्न: माझ्या चेनसॉचा बार (साखळी ज्याभोवती फिरते ते पातं) 16 इंची आहे आणि वाळलेल्या झाडाचं खोड 28 इंच जाड, तर मोठा बार न घेता पाडता येईल का?

उत्तर: येईल, बारच्या दुपटीपर्यंतचं खोड दोन्ही बाजूंनी कापून पाडतात, पण झाड आतून पोकळ, कुजलेलं किंवा भलतीकडे झुकलेलं असेल तर सरळ जाणकाराला बोलवा, वाळलेल्याची फांदी कधी डोक्यात येईल नेम नाही.

पाडायच्या बाजूला खोडाच्या पाव भागापर्यंत खाच घ्या, दोन्हीकडचे काप नीट जुळले पाहिजेत. मग खाचेमागे साधारण 3 इंचाची बिजागरी (न कापलेलं लाकूड, ज्यावर झाड वळून पडतं) सोडून एका बाजूने बार आत खुपसा, नंतर दुसऱ्या बाजूने त्याच पातळीवर, म्हणजे मधलं लाकूड सुटतं, मागे मात्र न कापलेल्या लाकडाची थोडी पट्टी ठेवा. खुपसताना टोकाच्या खालच्या भागाने सुरुवात करा, वरचा कोपरा लागला की किकबॅक, म्हणजे सॉ उसळून थेट तोंडावर! मागच्या कापात प्लास्टिकच्या पाचरी ठोका आणि शेवटी पट्टी कापा. बिजागरी कापून टाकली तर झाड कुठेही जाईल. पळायची वाट आधीच साफ करा, मागे तिरकी, अगदी सरळ मागे नको. हेल्मेट वगैरे तर हवंच.