घोडी वाटेत लंगडली तर

प्रश्न : माझी काठेवाडी घोडी आठ वर्षांची आहे. आम्ही मित्र अधूनमधून नाशिकहून त्र्यंबकला घोड्यांवर जातो आणि त्याच दिवशी परततो. गेल्या खेपेला अंजनेरी फाट्याच्या पुढे ती पुढच्या पायानं लंगडायला लागली. खुरात अडकलेला खडा काढला, तरी दुडकीला मान हलतच राहिली. एक मित्र म्हणाला, चालवत राहा, पाय मोकळा होईल. दुसरा म्हणाला, दुखण्याचं इंजेक्शन टोचू आणि निघू. मी तिच्यावर बसूनच हळूहळू त्र्यंबक गाठलं. आता साध्या चालीत ठीक आहे, पण दुडकीला अजून अडते. अशा वेळी वाटेत काय करावं? पुढच्या महिन्यात तिला वणीला नेऊ का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : लंगडण्याची शंका आली की आधी खाली उतरायचं. उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवरच असतो. त्यात दुखऱ्या पायावर आपलं आणि खोगिराचं ओझं नको.

मग पाय कोणता ते ठरवा. इथं जुनेजाणतेही फसतात. ज्या पायावर मान खाली जाते तो दुखरा, असं पुष्कळांना वाटतं. खरं उलट आहे. दुखरा पाय टेकताना घोडी डोकं वर उचलते आणि चांगल्या पायावर मान टाकते. मित्राला दोर सैल धरून तिला डांबरावर सरळ रेषेत दुडकी पळवायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. मऊ मातीवर हे नीट कळत नाही. मागच्या पायाची शंका असेल तर पाठीमागून पुठ्ठे बघा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.

पाय कळला की खूर उचला. पुढच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा खुरातच असतं. तळव्यातल्या त्रिकोणी गादीच्या दोन्ही खाचा टाचेकडून पुढे साफ करा, नाल हलतेय का ते बघा. नंतर दोन्ही खुरांवर तळहात ठेवा, एक जास्त गरम लागतो का? खुराच्या वरच्या सांध्यामागे, कडेला, दोन बोटं ठेवली की नाडी लागते. निरोगी पायात ती मुश्किलीनं सापडते. बोटाखाली ठणठण उडत असेल तर खुरात मार किंवा सूज आहे. शेवटी गुडघ्याखाली नळीच्या मागून हात फिरवा. तिथं सूज किंवा ऊब असेल तर कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा पट्टा, दुखावलाय. गार पाण्याची धार वीसेक मिनिटं धरा आणि गाडी बोलवा.

खिळा घुसला असेल आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर तो तसाच राहू द्या. तो आणखी आत जाण्याचा धोका असेल तरच उपसा, पण जागा, दिशा आणि खोली लिहून ठेवा. धनुर्वाताची लस झालीय का, हे डॉक्टरांना सांगा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

एका प्रकारात मात्र एक पाऊलही चालवायचं नाही. घोडी अचानक ताठली, घामानं निथळली, पुठ्ठे दगडासारखे लागले, लघवी चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू मोडताहेत. सुट्टीच्या दिवशीही चण्याचा पूर्ण खुराक चालू असलेल्या घोड्यांत हे जास्त दिसतं. सावली करा, पाणी दाखवा, डॉक्टरांना तिथंच बोलवा.

इंजेक्शनचा सल्ला ऐकून मला राग आला. त्यानं दुखणं झाकतं, इजा तशीच राहते. थोडा ताणलेला कंडरा अशा औषधावर पळवला तर तुटू शकतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोड्याला दुडकी पळवून बघतात. नाडी उत्तम असली तरी चाल अडली की घोडा बाद होतो. तुमच्या मित्रांनीही हाच नियम पाळावा.

त्यापेक्षा पिकअप मागवा. पुढचा पाय दुखत असेल तर घोडीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून उभी करा, म्हणजे ब्रेक लागला की भार मागच्या पायांवर जातो.

आता तुमच्या घोडीचं. लक्षणांवरून तळव्याला खड्याचा मार बसलेला दिसतो. पांढऱ्या खुरात तो लालसर दिसतो, काळ्या खुरात दिसतही नाही. अशा जागी पुढे काही दिवसांनी पू धरू शकतो, मग घोडी अचानक पाय टेकेनाशी होते. तोवर वाट बघू नका. नालबंद आणि पशुवैद्य दोघांना एकाच वेळी बोलवा. नाल काढून खूर चिमट्यानं दाबून बघितला की दुखरी जागा सापडते. हळदीचा लेप लावून तो भाग झाकू नका.

वणीचा रस्ता त्र्यंबकपेक्षा लांब आहे. डांबरावर सरळ आणि दोन्ही बाजूंच्या गोल फेऱ्यांत, औषधाशिवाय, ती मान न हलवता दुडकली तर आधी छोट्या रपेटी सुरू करा. पुढच्या महिन्यात तिला वणीला नेऊ नका. तुम्हाला जायचंच असेल तर मित्राचा दुसरा घोडा घ्या.