बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथावर, म्हणजे निष्पाप असूनही दुःख भोगणाऱ्या माणसाच्या कथेवर, ग्रीक शोकांतिकेचा प्रभाव आहे का?

शक्यता कमी वाटते, पण प्रश्न जुना आहे. मोप्सुएस्तियाचा थिओडोर या ख्रिस्ती भाष्यकाराने सुमारे 1600 वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की ईयोबाच्या लेखकाने परधर्मीयांच्या नाटकांची नक्कल केली. 1918 मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ होरेस कॅलन यांनी तर हा ग्रंथ ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या धर्तीवर रचलेली शोकांतिकाच ठरवला.

साम्य आहे, नाकारता येत नाही. ‘बंदिवान प्रॉमिथियस’ या ग्रीक शोकांतिकेत खडकाला जखडलेल्या नायकाकडे एकेक जण येतो, समजावतो, दटावतो, राखेत बसलेल्या ईयोबाकडेही तसेच मित्र येतात. पण ग्रीक नाटकातला कोरस, म्हणजे गाणारा-बोलणारा समूह, इथे कुठे आहे? रंगमंचाची चाहूलही नाही. शिवाय निष्पाप माणसाच्या वाट्याला दुःख का, यावर पीडित आणि मित्र यांचा पद्यसंवाद बॅबिलोनमध्ये ग्रीक शोकांतिकेच्या कितीतरी आधी लिहिला गेला होता. घरचा वारसा इतका जवळ असताना अथेन्सपर्यंत जायची गरज काय?

खरा, निर्विवाद प्रभाव पाहायचा तर तो बायबलबाहेर सापडतो. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास एझेकिएल नावाच्या ज्यू कवीने मोशेची कथा चक्क ग्रीक नाटक म्हणून, ग्रीक वृत्तात लिहिली. आज तिच्या 269 ओळी उरल्यात. त्यात जळत्या झुडपातून देव बोलतो आणि मोशेचा पाठलाग करताना समुद्रात बुडालेल्या इजिप्तच्या फौजेची हकिकत, त्यातून जिवंत सुटलेला एक इजिप्शियन दूत येऊन सांगतो. ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या शोकांतिकेतही पराभवाची बातमी दूतच आणतो!