पूररेषेतला भूखंड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीत कृष्णेपासून थोड्या अंतरावर आम्ही एक भूखंड पाहिला आहे. तो निळ्या रेषेत नाही, फक्त लाल रेषेत आहे, त्यामुळे बांधकामाला अडचण नाही, असे विक्रेता सांगतो. हे कितपत खरे मानावे?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. दोन्ही पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो. ढोबळमानाने, पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र समजला जातो. डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार या पट्ट्यात बाग, वाहनतळ, ओट्यांची उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशा मोजक्याच वापरांना मुभा आहे. निळी ते लाल रेषा हे नियंत्रित क्षेत्र असून तेथे बांधकाम करता येते. मात्र इमारतीचे जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच असावे लागते.

बहुतेकांची फसगत होते ती या दीड फुटापाशी. ही उंची समोरच्या रस्त्यापासून किंवा भूखंडाच्या जमिनीपासून मोजायची नसते. ती लाल रेषेच्या तलांकापासून, म्हणजे समुद्रसपाटीच्या संदर्भाने ठरलेल्या पातळीपासून मोजायची असते. तुमचा भूखंड त्या पातळीच्या दोन मीटर खाली असेल, तर जोते जमिनीपासून जवळजवळ अडीच मीटर वर घ्यावे लागेल आणि घराचा सगळा हिशेब बदलेल. म्हणून विसार देण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागातून भूखंडाचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्यावा, लाल रेषेचा त्या ठिकाणचा तलांक जलसंपदा विभागाकडून लेखी मागावा आणि भूखंडाची पातळी सर्वेक्षकाकडून मोजून घ्यावी. पूररेषांत जलसंपदा विभाग वेळोवेळी बदल करू शकतो, त्यामुळे आधीच्या मालकाच्या जुन्या दाखल्यावर विसंबू नये. भूखंडाचा काही भाग पूररेषेत आणि उरलेला बाहेर असेल, तर पूररेषेतल्या भागाचा चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते) उरलेल्या भागावर वापरू देण्याची तरतूदही नियमावलीत आहे. विक्रेते ती सहसा सांगत नाहीत.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी निर्धास्तही होऊ नये. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा 70 टक्क्यांवर जातो. शिवाय मोठे पूर थोड्या वर्षांच्या अंतरानेही येऊ शकतात : कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले होते.

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित, परवानगी घेऊन बांधलेले घर निळ्या रेषेत आहे. ते पाडून नवे बांधता येईल का?

उत्तर : अधिकृत जुन्या बांधकामाच्या पुनर्विकासाला परवानगी मिळू शकते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच ठेवावे लागते आणि जलसंपदा विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मूळ परवानगीचे कागद आधी शोधून ठेवावेत, कारण ‘अधिकृत’ हा शब्द त्यांवरच सिद्ध होतो.

प्रश्न : शेजारच्या मालकाने मुरूम टाकून भूखंड चार फूट उंच केला. आता साध्या पावसातही पाणी आमच्याकडे वळते. आम्हीही भराव घालावा का?

उत्तर : घालू नये. नियमाने उंची मागितली आहे ती जोत्याची, भूखंडाची नव्हे. आणि प्रत्येकाने भराव घातला, तर पुराचे पाणी पसरायला असलेली जागाच बुजते आणि ते जास्त उंचीने पुढच्या वस्तीत शिरते. नियमावलीतील हा दुवा मला कमकुवत वाटतो, कारण जोत्याची उंची सांगताना ती खांबांवर गाठावी की मातीवर, याकडे परवानगी देणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. नियंत्रित क्षेत्रात नवे घर बांधणाऱ्यांनी शक्य असेल तिथे खांबांवरचे, खालून पाणी वाहू देणारे बांधकाम निवडावे.

शेजाऱ्याच्या भरावाबाबत मात्र तुम्ही गप्प बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत जमिनीत केलेला महत्त्वाचा बदलही येतो, आणि विनापरवानगी विकासाविरुद्ध कलम 52 व 53 खाली कारवाई करता येते. भरावाची छायाचित्रे, पाणी तुंबल्याच्या तारखा आणि भूखंडांचे गट किंवा सर्व्हे क्रमांक जोडून महापालिका आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी, तिची प्रत जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना द्यावी आणि दोन्हीकडची पोच घ्यावी. हे पावसाळ्यापूर्वी केल्यास भराव हटवणे प्रत्यक्षात शक्य होते. त्यावर एकदा भिंती उभ्या राहिल्या की प्रकरण न्यायालयात रेंगाळते.