मूल चौथ्या वर्गात, वाचन अक्षरांपाशी

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा असून मी यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलो आहे. माझा मुलगा चौथ्या वर्गात आहे. पुस्तकातला धडा तो घडाघडा म्हणतो, पण वर्तमानपत्राचा मथळा समोर धरला तर त्याला वाचता येत नाही. गुरुजी वेळेवर येतात, मेहनतही घेतात. तरी असे का व्हावे? ज्यांना झेपते त्यांनी आपली मुले तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातली आहेत. समितीचा सदस्य म्हणून मी नेमके काय करू शकतो?
— एक पालक, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ

उत्तर : मूल धडा म्हणते म्हणजे त्याला वाचता येते, असेच बहुतेक घरी धरले जाते. आपण वर्तमानपत्र समोर धरून पाहिलेत, हे मला फार मोलाचे वाटते. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, असताना मी एका शाळेत तिसऱ्या वर्गातल्या मुलीला वाचायला सांगितले होते. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि एका दमात धडा संपवला, पण बोट त्या ओळीवरून हललेच नव्हते. मग मी पान हाताने झाकून त्याच धड्यातला 'पाऊस' एवढा एक शब्द उघडा ठेवला, तेव्हा ती 'प' म्हणाली, थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. ही मुलगी रोज शाळेत येणारी होती, आणि तिचा वर्ग पुढे सरकत गेला तरी ती अक्षरांपाशीच राहिली हे तोवर कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

आपल्या शाळेत एका गुरुजींकडे एकाच वेळी दोन वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाचे पुस्तक वर्षाअखेर संपवायचे असते. कापसाची वेचणी सुरू झाली की काही मुले आईबरोबर शेतात जातात, आणि त्या आठवड्यांत मात्रा किंवा जोडाक्षरे शिकवून झाली असतील तर ती पुन्हा कोणी शिकवत नाही. तिसरा शिक्षक मागावा, असे समितीत कोणी म्हणेल, परंतु शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात आणि ६१ व्या मुलापासून तिसरा. म्हणून आहे त्या दोघांचा वेळ कसा वापरला जातो, यावरच समितीने लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

उपाय साधा आहे आणि तो अनेक ठिकाणी करून पाहिलेला आहे. रोज एक तास वर्गांच्या भिंती बाजूला ठेवायच्या आणि तिसरी-चौथीच्या मुलांचे गट त्यांना आज काय वाचता येते यावरून करायचे : अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत हेच टप्पे वापरतात आणि एका मुलाची तपासणी काही मिनिटांत होते. चौथीतला मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी शब्दांच्या गटात बसेल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे घरी आपण सांगायचे आणि शाळेत गुरुजींनी.

ही पद्धत 'प्रथम' या संस्थेने विकसित केली. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह तिची अनेक राज्यांत परीक्षा घेतली. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण व साहित्य दिले, तरी नेहमीच्या शाळेत फारसा फरक पडला नाही, कारण पाठ्यपुस्तक संपवण्याच्या घाईत ते साहित्य बाजूलाच राहिले. हरियाणात मात्र या कामासाठी वेगळा तास राखून ठेवला, आणि ज्यांनी शिक्षकांना मार्गदर्शन करायचे त्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना याच पद्धतीने शिकवले. तिथे मुलांचे भाषावाचन सुधारले. गणितात तसा फरक दिसला नाही, म्हणून या तासाने सगळेच साधेल असे समजू नये. तरी मला त्यातून दोन गोष्टी अगदी स्पष्ट दिसतात : तास राखलेला असला पाहिजे, आणि केंद्रप्रमुखाने नुसते रजिस्टर न तपासता तो तास स्वतः घेऊन दाखवला पाहिजे. मी स्वतः हे फार उशिरा करू लागलो, याची मला आजही खंत आहे.

आता आपले काम. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे व विकास आराखडा तयार करणे हे समितीचे कर्तव्य आहे. तेव्हा बैठकीत ठराव घ्या की अमुक वेळेचा हा तास वाचनाचा राहील आणि त्या वेळात माहिती मागवणे, पोर्टल भरणे, पाहुण्यांचे स्वागत यांपैकी काहीही होणार नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. गुरुजींना हे वरिष्ठांसमोर बोलणे अवघड जाते, समितीने लेखी लिहिले तर त्यांना बळ मिळते. महिन्यातून एकदा, मजुरीहून परतल्यावर आयांना सवड होईल अशा वेळी, प्रत्येक मुलाने आपल्या आईसमोर चार ओळी वाचाव्यात, आणि त्या पुस्तकातल्या नसाव्यात. कोणते मूल कोणत्या गटातून कोणत्या गटात गेले, एवढीच नोंद वहीत ठेवा. मात्र ही वही गुरुजींना जाब विचारण्यासाठी वापरलीत तर पुढच्या महिन्यात सगळी मुले कागदावर गोष्टीच्या गटात गेलेली दिसतील, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात पहिल्या वर्गाला शिकवते. मुले घरी कोरकू बोलतात आणि वर्गात गप्प बसतात. मला कोरकू येत नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षिका, जिल्हा अमरावती

उत्तर : कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीची बोली नव्हे, त्यामुळे मूल गप्प बसते तेव्हा ते मंद नसून त्याला आपले बोलणे खरोखरच कळत नसते. राज्यघटनेचे कलम ३५०-अ आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ दोन्ही मातृभाषेतून शिकवण्याच्या बाजूने आहेत, तेव्हा वर्गात कोरकू आणताना आपण कोणताही नियम मोडत नाही. अंगणवाडीच्या ताईंना आणि चौथ्या वर्गातल्या मोठ्या मुलींना सोबत घ्या, घरातल्या, शेतातल्या, जंगलातल्या वस्तूंची कोरकू नावे त्यांच्याकडून ऐकून देवनागरीत उतरवा आणि ती भिंतीवर लावा. चुकीचा उच्चार केलात तर मुले हसतील आणि दुरुस्त करतील. त्या दुरुस्तीतच त्यांचे वर्गातले पहिले बोलणे होईल. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, त्या दिवसांत मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यांना चित्र काढू द्या, चित्राखाली ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी तेच कागद वाचायला द्या. मराठी वाक्य त्या ओळीखाली थोडे उशिरा आले तरी चालेल.