वाचकांचे प्रश्न : एडिटर, आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज 7 आहे आणि त्यावर मी एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट शिकत आहे. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहिण्याच्या एडिटरची नवी आवृत्ती त्यावर चालेल का? नसल्यास, नुसता मजकूर टंकण्याच्या साधनाला ऑपरेटिंग सिस्टिमशी एवढे काय देणेघेणे असते?

उत्तर : नवी आवृत्ती चालणार नाही. व्हीएस कोड वरून साधा टेक्स्ट एडिटर दिसत असला, तरी त्याच्या पोटात एक अख्खा ब्राउझर आहे. तो ‘इलेक्ट्रॉन’ या चौकटीवर बांधलेला असून इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा मुक्त गाभा) आणि नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) यांची एकत्र बांधलेली मोट होय. त्यामुळे क्रोमियमने एखादी ऑपरेटिंग सिस्टिम सोडली की इलेक्ट्रॉनला ती सोडावी लागते आणि इलेक्ट्रॉनवर उभ्या असलेल्या एडिटरांनाही फार काळ थांबता येत नाही. क्रोमियमची 109 ही आवृत्ती विंडोज 7 आणि 8.1 साठी शेवटची ठरली; इलेक्ट्रॉनने 2023 मध्ये, 23 व्या आवृत्तीपासून, या दोन्ही सिस्टिम वगळल्या. व्हीएस कोडने मात्र विंडोज 7 चा निरोप त्याआधीच घेतला होता. जुलै 2022 ची 1.70 ही त्यासाठीची अखेरची आवृत्ती आहे. विंडोज 8 व 8.1 साठी ती मर्यादा 1.79 आणि 32 बिट विंडोजसाठी 1.83 अशी आहे.

शिकण्यापुरते काम 1.70 वर निश्चित भागते. ती बसवल्यावर सेटिंगमध्ये ‘अपडेट मोड’ शोधून तो बंद करावा. खरी अडचण एडिटरपेक्षा एक्स्टेन्शनांची, म्हणजे एडिटरला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमची येते. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या पॅकेज फाइलमध्ये ‘इंजिन्स’ अशी एक नोंद असते आणि तिथे किमान 1.75.0 लिहिलेले असेल, तर 1.70 ही आवृत्ती ते एक्स्टेन्शन घेत नाही. अशा वेळी त्या एक्स्टेन्शनची जुनी आवृत्ती निवडून बसवण्याची सोय एडिटरमध्येच आहे. व्हीएस कोडची ब्राउझरमधली आवृत्ती वापरावी, असे आपणास कोणी सुचवील. पण विंडोज 7 वरचा क्रोमही 109 पाशीच थांबलेला असल्याने मूळ दुखणे तिथेही तेच राहते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला खटकते. विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. त्यावर जुना एडिटर, आणि त्यात इंटरनेटवरून उतरवलेला अनोळखी प्रकल्प उघडायचा, हे जोखमीचे आहे. असा प्रकल्प उघडताना लेखकावर विश्वास आहे का असे एडिटर विचारतो, तेव्हा सवयीने ‘होय’ म्हणू नये. प्रोसेसर 64 बिट असेल तर हलके लिनक्स (एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) बसवणे हा माझ्या मते अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. विंडोज 32 बिट असले म्हणून प्रोसेसरही तसाच असतो असे नाही. तेव्हा प्रोसेसरचे नाव पाहून खात्री करावी, कारण 32 बिट लिनक्ससाठी व्हीएस कोडच्या नव्या आवृत्त्या निघत नाहीत.

प्रश्न : माझ्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम आणि व्हीएस कोड दोन्ही अद्ययावत आहेत. तरीही उबुंटू 18.04 (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या सर्व्हरला ‘रिमोट एसएसएच’ने (दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या एक्स्टेन्शनने) जोडता येत नाही. असे का?

उत्तर : रिमोट जोडणीत एडिटरचा एक भाग सर्व्हरवर उतरतो आणि तिथेच चालतो, म्हणून सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिमही जमेस धरावी लागते. मार्च 2025 च्या 1.99 या आवृत्तीपासून या भागाला जीलिबसी हे सी भाषेचे मूलभूत ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) किमान 2.28 लागते. उबुंटू 18.04 मध्ये ते 2.27 आहे, म्हणजे आपली गाडी अवघ्या एका पायरीने चुकली आहे. सेंटओएस 7 या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात तर ते 2.17 आहे. डेबियन 10 (हाही लिनक्सचाच प्रकार) आणि उबुंटू 20.04 या अटीत बसतात. सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) ‘एलडीडी’ ही आज्ञा ‘व्हर्जन’ या पर्यायासह दिली की पहिल्याच ओळीत हा आकडा दिसतो. मात्र तो पाहून एकटे जीलिबसी हाताने बदलण्याच्या फंदात पडू नये, कारण सर्व्हरवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या आधारावर उभा असतो. सर्व्हरची सिस्टिम बदलेपर्यंत फाइली आपल्या संगणकावर संपादित करून गिटमार्फत (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनामार्फत) पाठवाव्यात.

प्रश्न : एडिटर तोच, कोडही तोच, मग विंडोजवर दिसणारे चित्र लिनक्स सर्व्हरवर का दिसत नाही?

उत्तर : फाइलच्या नावातील अक्षरे तपासा. इंग्रजी ‘लोगो’ शब्दातले पहिले अक्षर फाइलच्या नावात मोठे आणि कोडमध्ये लहान असेल, तर विंडोज व मॅक सहसा ते चालवून घेतात, लिनक्स घेत नाही. नाव बदलताना गिटच्या ‘मूव्ह’ आज्ञेनेच बदलावे, अन्यथा विंडोजवरील गिटला केवळ अक्षराच्या आकारातला बदल बहुधा जाणवतच नाही.